नमुना कुठं ठेवला, तेही छापा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की आपल्या दैनिकात एखादी बातमी हमखास येते. सह्याद्रीतल्या अमुक घाटात पतंगाची, कोळ्याची नाहीतर बेडकाची नवी प्रजाती सापडली. सोबत देखणा रंगीत फोटो आणि ओल्या रेनकोटातली दोन-तीन हसरी मुलं. मी ती बातमी कापून वहीत चिकटवते. कात्रणांची तिसरी वही चालू आहे. परवा तिन्ही वह्या एका बैठकीत चाळल्या, तेव्हा लक्षात आलं की एक गोष्ट जवळजवळ कुठल्याच बातमीत नाही. ज्या एका जिवावरून ते नाव दिलं, तो जीव आज कुठल्या संस्थेच्या कपाटात आहे? ही एक ओळ आपण छापायला लागावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मागणी एका ओळीची आहे, पण तिच्यामागं माझी अठरा वर्षं आहेत. पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

मी शास्त्रज्ञ नाही. कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. १९८६ च्या उन्हाळ्यात जवळच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक शाळेत मला शोधत आले. त्यांना मी पुढं कायम 'सर'च म्हटलं, इथंही तेवढंच म्हणते. शाळेच्या प्रदर्शनात माझं पेननं काढलेलं पिंपळाचं जाळीदार पान त्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, "बाई, शीर आणि शीर वेगळी दाखवलीय तुम्ही. मला पतंगांची चित्रं काढून द्याल?" मला वाटलं, पंख रंगवायचे असतील. मी जलरंगांची पेटी घेऊनच गेले. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काच सरकवली आणि म्हणाले, "हे काढायचं." त्या काचेत पंख नव्हतेच. तपकिरी, काचेसारखं पारदर्शक, चिमट्याच्या दोन पात्यांसारखं काहीतरी होतं. नर पतंगाचा जननभाग. वर्गात मुलांसमोर मी असला शब्द कधी उच्चारला नव्हता. सरांच्या बोलण्यात मात्र इतका सरळपणा होता की संकोचाला जागाच राहिली नाही.

पंखांवरची नक्षी फसवते, हे मी त्या दिवशी शिकले. एकाच मादीच्या पिलावळीत एक पतंग गडद निघतो, एक फिका. पावसाळ्यातला वेगळा, हिवाळ्यातला वेगळा. पंखांवरची भुकटी झडली की नक्षीही गेली. उलट दोन अगदी वेगळ्या प्रजाती पंखांवरून जुळ्या बहिणी वाटतात. पोटाच्या टोकाशी असलेले हे कठीण भाग मात्र एका प्रजातीत बहुधा एकाच घडणीचे असतात. म्हणून पतंग ओळखणारा माणूस शेवटी पोट उघडतो.

हे कसं करतात ते आपल्या वाचकांना माहीत असावं, म्हणून जरा सविस्तर सांगते. वाळलेल्या पतंगाचं पोट हलक्या हातानं मोडून वेगळं काढायचं. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात ते रात्रभर ठेवायचं, नाहीतर परीक्षानळीत घालून गरम पाण्यात काही मिनिटं. मांस आणि चरबी विरघळून जाते, कठीण कवच उरतं. मग घड्याळाच्या काचेसारख्या खोलगट काचेत, अल्कोहोलमध्ये, ब्रशनं त्यावरचे खवले झाडायचे. हा ब्रश माझ्याच पेटीतला, शून्य नंबरचा. सरांनी त्याचे केस कापून पाच-सहाच ठेवले होते. दोन बाजूंच्या झडपा उघडून सपाट करायच्या, मधली नळी वेगळी काढायची. त्या नळीच्या आत एक पातळ पिशवी असते, ती सुईनं फुगवून बाहेर काढायची, कारण पिशवीवर काटे असतात आणि त्या काट्यांची संख्या नि जागा महत्त्वाची असते. मादीच्या पोटातही पिशवी असते, तिच्या आत शिक्क्यासारखी खूण असते. हे सगळं काचपट्टीवर कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक राळेत बसवायचं आणि कित्येक आठवडे वाळू द्यायचं. काचपट्टीवर जो क्रमांक, तोच पतंगाच्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर. या दोन क्रमांकांची ताटातूट झाली की सगळी मेहनत वाया. सर वर्गात शांत असत, पण क्रमांक चुकला तर त्यांचा आवाज चढे.

माझं काम त्यानंतर सुरू व्हायचं. कॅमेरा ल्युसिडा नावाचा आरसा सूक्ष्मदर्शकाला जोडतात. एका डोळ्याला काचेवरची वस्तू आणि आपली पेन्सिल एकाच वेळी दिसते, आणि आपण त्या वस्तूवरून पेन्सिल फिरवतो. मग ट्रेसिंग पेपर, ०.१ चं रॉट्रिंग पेन, आणि टिंबं. सावली रेषेनं नाही, टिंबांनी द्यायची. छापताना चित्र निम्मं होतं, तेव्हा टिंबं एकमेकांत मिसळणार नाहीत एवढं अंतर राखायचं. एक चूक झाली की ब्लेडनं खरवडायची. दोन खरवडींनंतर कागद फाटतो. शाळा सुटल्यावर साडेपाच ते आठ. एका चित्राला मला चार संध्याकाळी लागत.

पुढं मी सरांबरोबर आंबोलीलाही जायला लागले. जुलै, अमावास्येच्या आसपासच्या रात्री, दोन बांबूंना बांधलेली पांढरी चादर आणि तिच्यापुढं १६० वॅटचा मर्क्युरीचा बल्ब. आठच्या सुमारास वाळवीची पाखरं येऊन चादर झाकून टाकत. ती ओसरली की खरे पतंग. रुईच्या म्हातारीएवढ्या हलक्या, नखाएवढ्या चिमण्या पतंगांपासून सुरुवात. मग विमानासारखे ताठ पंखांचे हॉक मॉथ, चादरीवर आदळणारे. मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी तो तळहाताहून मोठा, पंखांत काचेच्या खिडक्या असलेला. आपल्या दैनिकात त्याचा फोटो 'अ‍ॅटलास मॉथ' म्हणून येतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत त्याचा एक सख्खा भाऊ आहे, अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस, फ्रेडरिक मूर यांनी १८८२ मध्ये वर्णन केलेला. फोटोवरून या दोघांत भल्याभल्यांची गल्लत होते. एवढ्या मोठ्या पतंगाची ही गत, तर चादरीवरच्या त्या शेकडो करड्या ठिपक्यांची काय असेल!

पहिल्या वर्षी मी सरांना विचारलं होतं, की मारायचं कशाला, फोटो काढा आणि सोडून द्या. आजही सभा-संमेलनांत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि मला तो योग्य वाटतो. मला त्या बाटलीत जाणारं पाखरू बघवत नसे, मी तोंड फिरवायची. सरांनी उत्तर दिलं नाही. आठवडाभरानं माझ्यापुढं दोन काचपट्ट्या ठेवल्या आणि म्हणाले, "काढा." दोन्ही एकाच रात्री, एकाच चादरीवरून घेतलेल्या पतंगांच्या. पंखांची चित्रं मी आधीच काढली होती आणि दोन्हींखाली एकच नाव होतं. उंटअळीच्या जातकुळीतला, करड्या पंखांवर दोन वाकड्या रेघा असलेला साधा पतंग. पहिली झडप काढून झाली. दुसरी काढताना पेन्सिल थांबली. "सर, याला खालच्या कडेला काटा आहे. त्याला नाही."

माझ्या आयुष्यात मी उच्चारलेलं ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असावं. सर उठून आले, पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "आणखी उघडू." त्यांनी नवी प्रजाती असा शब्दही काढला नाही. त्या पावसाळ्यात आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत मिळून सव्वीस नर उघडले. एकवीस बिनकाट्याचे, पाच काट्याचे. मधला एकही नाही. अर्धा काटा, बोथट काटा, असं काहीच नाही. तेव्हा कुठं सर म्हणाले, "दोन आहेत."

दोन आहेत हे कळणं निराळं, आणि त्यांतलं कोणतं नवं हे कळणं त्याहून निराळं. आपल्या बातम्यांत हा टप्पा बहुतेक गळून जातो. वास्तविक सगळा वेळ इथंच जातो. आपल्याकडच्या पतंगांना नावं द्यायला इंग्रजांनी दीडशे वर्षांपूर्वीच सुरुवात केली होती. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ ला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते, आणि कर्नल चार्ल्स स्विन्हो नावाचे एक लष्करी अधिकारीही होते. या स्विन्होंनी मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवर १८८५ मध्ये मोठा लेख लिहिला. निलगिरीत चहाचे मळे करणारे जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात भारतातल्या पतंगांचे चार खंड काढले. कारवारला वनखात्यात असलेले टी. आर. बेल निवृत्तीनंतरही तिथंच राहिले. अळ्या पाळून त्यांनी हॉक मॉथची माहिती जमवली, ती १९३७ च्या खंडात आहे. मेरिक नावाचे एक गृहस्थ तर माझ्यासारखेच शाळामास्तर. इंग्लंडमधल्या मार्लबरोत बसून त्यांनी आपल्या बाजूच्या चिमण्या पतंगांसकट जगभरच्या हजारो पतंगांना नावं दिली. पण पोट कधी उघडलं नाही. भिंगातून पंख आणि डोकं बघून नाव. पुढच्या पिढीला त्यांचे मूळ नमुने पुन्हा उघडून तपासावे लागले, आणि त्याचीच आठ जाडजूड पुस्तकं झाली.

म्हणजे आज कुणाला आंबोलीत 'नवा' पतंग दिसला, तर आधी विचारायचं की स्विन्हो, हॅम्पसन, मूर, वॉकर यांपैकी कुणी याला आधीच नाव दिलंय का. त्यांनी लिहिलेलं वर्णन चार ओळींचं असतं. 'करडा, दोन वाकड्या रेघा.' आमचे दोन्ही पतंग त्या चार ओळींत बसत होते. निवाडा शब्दांनी होत नाही. ज्या एका पतंगावरून स्विन्होंनी किंवा मूरनी ते शब्द लिहिले, तो पतंगच पाहावा लागतो. होलोटाइप म्हणतात तो हा. नाव प्रजातीला असतं असं आपण म्हणतो, पण ते खरं बांधलेलं असतं त्या एका टाचणीवरच्या एका जिवाच्या गळ्यात. वाद झाला की सगळे त्याच्याकडे जातात.

आमच्या पतंगाचा तो एक जीव लंडनच्या संग्रहालयात होता. सरांनी पत्र लिहिलं, सोबत माझ्या दोन झडपांच्या चित्रांच्या झेरॉक्स जोडल्या. चार महिन्यांनी जाड पाकीट आलं. त्यात मूळ नमुन्याचा फोटो, त्याच्या टाचणीवरच्या चिठ्ठ्यांचा फोटो, आणि त्याच्या जननभागाच्या काचपट्टीचा फोटो होता. सरांनी ते माझ्या हातात दिलं. झडपेला काटा होता.

त्याचा अर्थ कळायला मला क्षणभर लागला. इतकी वर्षं ते जुनं नाव ज्याला लावलं जात होतं तो नेहमीचा, दर चादरीवर दिसणारा, एकवीसपैकी एकवीस बिनकाट्याचा पतंग त्या नावाचा नव्हताच. नाव होतं त्या दुर्मिळ पाचांचं. नेहमीचाच बिननावाचा निघाला. कात्रजपासून दाजीपूरपर्यंत प्रत्येक विजेच्या दिव्याखाली तो बसत असेल, आणि त्याला नाव नाही! त्या संध्याकाळी मी घरी जाताना रंकाळ्यावरच्या दिव्यांखाली थांबून थांबून पाहत गेले.

असं जगात पुष्कळदा होतं, आणि जुने नमुने टिकले म्हणूनच ते कळतं. मादागास्करमधलं उदाहरण तर प्रसिद्ध आहे. १८६२ मध्ये डार्विन यांच्याकडे तिथलं एक पांढरं ऑर्किड आलं, त्याच्या फुलाची मधाची नळी जवळजवळ एक फूट लांब. त्यांनी लिहिलं की एवढी लांब सोंड असलेला पतंग तिथं असलाच पाहिजे. १८६७ मध्ये वॉलेस म्हणाले, खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यून शोधला तेवढ्याच खात्रीनं तो शोधावा. १९०३ मध्ये रॉथशिल्ड आणि जॉर्डन यांनी त्याचं वर्णन केलं. नावच दिलं प्रेडिक्टा, म्हणजे भाकीत केलेला. पण त्याला त्यांनी आफ्रिकेतल्या आधीच्या एका पतंगाची उपप्रजाती मानलं. तसाच तो एकशे अठरा वर्षं राहिला. २०२१ मध्ये पॅरिस आणि लंडनच्या अभ्यासकांनी संग्रहालयांतले नमुने पुन्हा काढले, शरीराची मापं घेतली, डीएनए पाहिलं, आणि तो स्वतंत्र प्रजाती म्हणून उभा केला. त्यांनी मोजलेल्यांपैकी एका नराची सोंड साडेअठ्ठावीस सेंटिमीटर भरली. एकशे अठरा वर्षांनी ड्रॉवर उघडल्यावर आत पतंग होता, चिठ्ठी होती, क्रमांक होता. मला या गोष्टीत डार्विनपेक्षाही जास्त कौतुक वाटतं त्या अनाम माणसांचं, ज्यांनी दरवर्षी त्या ड्रॉवरात डांबरगोळ्या बदलल्या.

आमच्याकडं त्या बदलल्या गेल्या नाहीत.

सरांना लेख पुरा करायचा होता. माद्या कमी होत्या, त्या मिळवायच्या होत्या. त्याच जीनसमधली, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या त्याच गटातली, आणखी पाच जुनी नावं होती. त्यांतलं एखादं आमच्या बिनकाट्याच्या पतंगालाच आधी दिलेलं नाही ना, हे तपासायचं होतं. एक मूळ नमुना ऑक्सफर्डला होता. नियम असा की सगळ्यात आधी दिलेलं नाव चालतं. आपण घाईनं नवं दिलं आणि मागून जुनं निघालं, तर पुढच्या अभ्यासकाच्या माथी एक फुकटचं नाव. सर घाई करणारे नव्हतेच. २००१ मध्ये ते निवृत्त झाले, पेट्या कॉलेजातच राहिल्या, कारण त्या कॉलेजच्या होत्या. २००४ मध्ये सर गेले. मी तोवर एकेचाळीस चित्रं पुरी केली होती.

२००७ मध्ये मी त्या पेट्या पाहायला गेले. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. तिथं मुद्दाम कुणी वाईट केलं असं मला वाटत नाही, आणि असंच इतर ठिकाणीही झाल्याचं ऐकते. प्रयोगशाळेत फरशी बदलायचं काम निघालं होतं, म्हणून बत्तीस पेट्या गॅलरीत काढून ठेवल्या होत्या. एक पावसाळा त्या तिथंच राहिल्या. मी झाकण उघडलं. काही पेट्यांत बुरशीचा पांढरा थर. बाकीच्यांत किडा लागला होता, वाळल्या किड्यांवरच जगणारा तो केसाळ अळीचा बारका भुंगा. टाचण्या रांगेत तशाच उभ्या. प्रत्येक टाचणीला सरांच्या अक्षरातली चिठ्ठी: आंबोली, तारीख, क्रमांक. आणि टाचणीच्या भोवती तळाला चिमूटभर भुकटी. पतंग नव्हता. ज्या एकाला सरांनी होलोटाइप म्हणून वेगळं ठेवलं होतं, त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी होती. तीसुद्धा रिकामी. काचपट्ट्यांचा डबा विचारला, तर जुन्या सामानाबरोबर गेला असेल, असं उत्तर मिळालं.

माझी चित्रं घरी होती, ती आहेत. पण चित्राला नाव देता येत नाही. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत आता स्पष्ट आहे की नवं नाव देताना मूळ नमुना ठरवलाच पाहिजे आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार ते लिहिलंच पाहिजे. माझी टिंबं कितीही नेमकी असली तरी त्यांच्यातून पाय काढून डीएनए तपासता येत नाही. आज ते करतात. २००३ मध्ये कॅनडात पॉल हेबर्ट यांनी ही बारकोडची पद्धत पुढं आणली. पतंगाच्या एका पायातून जनुकाच्या एका तुकड्याची ६५८ अक्षरं वाचली की जुळ्या दिसणाऱ्या प्रजातीही बहुधा वेगळ्या कळतात. जुन्या, वाळलेल्या पायातूनही पुष्कळदा वाचता येतात. आमच्या सव्वीस पतंगांना एकशे छप्पन्न पाय होते.

कायदाही या बाजूनं आहे, हे आपल्या वाचकांना आणि बातमीदारांना ठाऊक असेलच असं नाही. जैवविविधता कायदा, २००२, कलम ३९. नवी प्रजाती शोधणाऱ्यानं ती ठरवून दिलेल्या संस्थेला कळवायची आणि नमुना तिथं जमा करायचा. भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ पासून आहे, त्याचं पश्चिम विभागाचं केंद्र आपल्या पुण्यात आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे. म्हणजे जागा आहेत. नसते ती सवय. घरच्या कपाटात, विभागप्रमुखांच्या टेबलाखाली, पीएच.डी. झाल्यावर हॉस्टेलच्या खोलीत पेट्या पडून राहतात. सरांच्या पेट्यांतले निदान आम्हाला महत्त्वाचे वाटलेले सव्वीस तरी मी तेव्हाच पुण्याला पोचवायला हवे होते. सर म्हणायचे, लेख होऊ दे, मग एकदमच देऊ. मी हो म्हटलं.

कुणी म्हणेल, करड्या पतंगाला नाव नसलं तर कुणाचं काय अडलं? माझ्या भाच्याचं शिरोळ तालुक्यात मक्याचं शेत आहे. २०१९ मध्ये पोंग्यात अळी शिरली. शेजारी म्हणाले नेहमीची लष्करी अळी, नेहमीचं औषध मार. भाच्यानं चार अळ्या डबीत घालून मला आणून दिल्या. जुन्या सवयीनं भिंग काढलं. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या पेरावर चौकोनात चार ठिपके. अमेरिकेतून आलेली, आदल्याच वर्षी कर्नाटकात शिवमोग्ग्याला पहिल्यांदा सापडलेली ती दुसरी अळी होती. तिच्या नराला ओढणारा वास वेगळा, म्हणून कामगंध सापळ्यातली गोळीही वेगळी. चुकीच्या प्रजातीची गोळी लावली तर सापळा रिकामा आणि शेतकऱ्याला वाटतं कीड नाहीच. विदर्भातल्या कापूसवाल्याला जी रडवते, त्या गुलाबी बोंडअळीचं नावसुद्धा १८४० च्या दशकात भडोचच्या कपाशीतून गेलेल्या नमुन्यांवरून साँडर्स यांनी दिलं. त्या वेळी तीही कुणाला बिनमहत्त्वाची चिमणी करडी पाकोळीच वाटली असेल.

आणखी एक सांगते. आंबोलीत चादर बांधायला एक मुलगा यायचा. कुठली अळी अंजनीवर, कुठली कुंभ्यावर, हे तो सरांना सांगायचा. सर त्याचं ऐकून वहीत लिहायचे. कोस्टा रिकात ग्वानाकास्टे इथं डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स यांनी अशाच गावच्या माणसांना रीतसर शिकवून, पगार देऊन अळ्या पाळण्याचं नि नमुने लावण्याचं काम दिलं, आणि त्यातून उष्ण कटिबंधातल्या पतंगांच्या कितीतरी लपलेल्या प्रजाती बाहेर आल्या. आपल्याकडं तो मुलगा पुढं हॉटेलात वेटर झाला. बातमीत फोटो छापताना चादर कुणी बांधली, अळी कुणी दाखवली, पोट कुणी उघडलं, हेही विचारावं असं मला फार वाटतं. पण ते दुसऱ्या पत्रात.

या पत्रापुरती मागणी एकच. नव्या प्रजातीची बातमी आली की आपल्या बातमीदारानं संशोधकाला विचारावं: होलोटाइप कुठं आहे आणि नोंदणी क्रमांक काय? बातमीच्या शेवटी तेवढं छापावं. उत्तर मिळालं तर वाचकाला कळेल की ते नाव कुठल्या टाचणीवर आहे. आणि उत्तर 'सध्या आमच्याकडेच आहे' असं आलं तर तेही तसंच छापावं. वर्तमानपत्रात विचारलं जातं म्हटल्यावर पेटी गॅलरीतून उचलली जाईल. सरांच्या वेळी कुणी बातमीदार असा प्रश्न घेऊन आला असता, तर मी त्या सव्वीस टाचण्या दुसऱ्या दिवशी एसटीनं पुण्याला नेल्या असत्या.

माझ्याकडच्या एकेचाळीस मूळ ट्रेसिंगा, सरांच्या दोन वह्या, लंडनहून आलेलं ते पाकीट आणि आंबोलीतल्या चादरीच्या जागांचा हातानं काढलेला नकाशा पत्र्याच्या पेटीत कापूर घालून ठेवला आहे. बिनकाट्याचा तो पतंग आजही जुलैत तिथं येत असणार. वनखात्याची रीतसर परवानगी काढून, नवे नमुने घेऊन, ते आधी संस्थेत जमा करून मगच लिहायला बसणारा कुणी तरुण अभ्यासक असेल, तर हे सगळं मी त्याच्या किंवा तिच्या हवाली करीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात नोंदवून ठेवला आहे. दुपारी चारनंतर मी घरीच असते.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
कोल्हापूर